महारेरा एजंट नोंदणी : अर्ज कुठे अडकतो आणि राजीनामा कधी द्यावा

नोकरी सोडून इस्टेट एजंट व्हायचं म्हणून माझ्याकडे अर्ज भरायला येणारे बहुतेक जण राजीनामा देऊन आलेले असतात. नोटीस पिरियड संपलाय, बिल्डरच्या साइटवरच्या ओळखीच्या माणसाने ‘ये, पहिलं बुकिंग करून टाकू’ असं सांगितलंय आणि महारेराकडची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडची नोंदणी म्हणजे दहा मिनिटांचं काम अशी समजूत. मग अर्जात त्रुटी निघते, आणि पगार बंद झालेल्या घरात ती फार बोचते.

आधी गरज आहे का ते पाहा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं कलम 9 सांगतं की नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या सदनिकेची किंवा प्लॉटची विक्री घडवून आणायची तर एजंटकडेही नोंदणी हवी. जुन्या सोसायटीतली वन बीएचके भाड्याने लावून देणं यात येत नाही. पण नवीन टॉवरच्या साइटवर गिऱ्हाईक नुसतं नेऊन पोचवलं आणि टक्केवारी घेतली, तर तुम्ही एजंटच. नोंदणीशिवाय हे केल्यास कलम 62 खाली रोज 10 हजार रुपये दंड आहे, आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ‘मी फक्त ओळख करून दिली’ ही सबब कामी येत नाही, कारण ओळख करून देणाराही व्याख्येत बसतो.

आता क्रम. आधी 20 तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र आणि त्यानंतर नोंदणीचा अर्ज. महारेराने 2023 मध्ये ही अट आणली. जुन्या एजंटांना 1 जानेवारी 2024 पर्यंत मुदत होती. तरीही प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20 हजार जणांची नोंदणी पुढे स्थगित झाली, म्हणजे ‘कोण बघतंय’ हा हिशेब चुकला. परीक्षा आयबीपीएस घेते, बँकभरतीच्या परीक्षा घेणारी तीच संस्था. ती अवघड नाही. पण भाव आणि लोकेशन तोंडपाठ असलेली मंडळी चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) म्हणजे नेमकं काय किंवा विक्री करारनाम्याआधी बिल्डरला किती टक्क्यांपर्यंत पैसे घेता येतात (10 टक्के) इथे अडखळतात.

आणि कृपा करून हे लक्षात घ्या : परीक्षा पास होणं म्हणजे नोंदणी होणं नव्हे. निकाल आल्यावर दुसऱ्या दिवशी व्हिजिटिंग कार्डावर ‘रेरा सर्टिफाइड’ छापून बुकिंग घ्यायला निघालेले मी पाहिलेत. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत तुम्ही कायद्याच्या लेखी नोंदणीकृत एजंट नाही.

अर्जात सगळ्यात जास्त रक्त आटवतात ती आयकर विवरणपत्रं. मागच्या तीन आर्थिक वर्षांची हवीत. पगारदार माणूस मोठ्या विश्वासाने फॉर्म 16 घेऊन येतो. साहेब, तो तुमच्या कंपनीने दिलेला कर कापल्याचा दाखला आहे, तुम्ही भरलेलं रिटर्न नव्हे. ‘कंपनी कर कापतच होती, मग मी कशाला भरू?’ हे वाक्य मला पाठ झालंय. दुसरा घोळ वर्षांचा : पावतीवर आकारणी वर्ष 2025-26 असेल, तर ते 2024-25 या आर्थिक वर्षाचं रिटर्न असतं. एका वर्षाने घसरलेली तीन रिटर्नं जोडली की त्रुटी ठरलेली. तिसरं, रिटर्न भरून 30 दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करायचं राहिलं असेल तर पुढे ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच भरल्याची तारीख धरतात, आणि व्हेरिफाय झालंच नसेल तर ते भरलेलंच नाही.

मागची राहिलेली वर्षं आता भरून टाकू, असंही प्रत्येकाला जमत नाही. उशिराचं रिटर्न आकारणी वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंतच भरता येतं. त्यानंतरचं अद्ययावत विवरणपत्र (अपडेटेड रिटर्न) सर्वसाधारणपणे कर भरायचा निघत असेल तरच चालतं, शून्य कराचं किंवा परताव्याचं नाही. ज्यांना विवरणपत्र भरण्याची सक्तीच नव्हती, म्हणजे बऱ्याच गृहिणी किंवा नुकते शिकून बाहेर पडलेले, त्यांच्यासाठी नियमांत घोषणापत्राची सोय आहे. उत्पन्न असूनही रिटर्न न भरलेल्याने मात्र ‘मला लागूच नव्हतं’ असं लिहून देऊ नये. खोट्या माहितीवर मिळवलेली नोंदणी रद्द होते. तीच गोष्ट प्रलंबित खटल्यांच्या रकान्याची. चेक बाउन्सची केस चालू असताना तिथे ‘नाही’ लिहू नका.

यानंतर नाव. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव, पॅनवर वडिलांचं, परीक्षेच्या अर्जात मधलं नावच गाळलेलं : एकाच बाईच्या अशा तीन बाया होतात. दुरुस्ती प्रशिक्षणाला नाव घालण्याआधीच करा. चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र आलं की ते बदलून घेण्यात दिवस जातात.

लेटरहेड, रबरी शिक्क्याचा ठसा आणि पावतीचा नमुनाही मागतात. धंदा सुरू व्हायचाय आणि शिक्का आधी, असं का, हे विचारण्यात अर्थ नाही. साधा बनवून घ्या. फक्त अर्ज स्वतःच्या नावाने आणि लेटरहेड अमुक प्रॉपर्टीजचं, असं करू नका. कामाच्या पत्त्याचा पुरावाही लागतो. घरूनच काम करणार असाल आणि लाइट बिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र सोबत ठेवा. भाड्याचा गाळा असेल तर लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा.

नियमांतलं शुल्क व्यक्तीला 10 हजार, भागीदारी किंवा कंपनीला 1 लाख. दोन मित्रांनी हौसेने भागीदारी काढायच्या आधी हा आकडा बघावा. अर्ज ऑनलाइनच करायचा. 2024 पासून महाक्रिटी हे महारेराचं नवं पोर्टल आहे, त्यामुळे यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून भरायला बसलात तर स्क्रीन जुळणार नाहीत. अर्ज केल्यावर ईमेल रोज उघडा. त्रुटी कळवलेली असते आणि अर्जदार ‘ऑफिसने अजून काही केलं नाही’ म्हणत बसलेला असतो.

नोंदणी 5 वर्षांची आणि अख्ख्या राज्यासाठी, त्यामुळे कणकवलीच्या माणसाला पुण्यात विकायला वेगळी लागत नाही. त्याला पेडण्यातले फ्लॅट विकायचे असतील तर मात्र गोव्याच्या प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो : तीन रिटर्नं आणि नावं तपासा, नोकरीत असतानाच प्रशिक्षण आणि परीक्षा उरका, अर्ज टाका. राजीनाम्याचं पत्र नोंदणी क्रमांक आल्यावर टाइप करा. सरकारी नोकरीत असाल तर अर्जाच्याही आधी सेवानियम वाचा, कारण नोकरीत राहून बाहेरचा धंदा करायला तिथे परवानगी लागते.