गोळी नंतर, आधी शी दाखवा

"कुत्र्याला सकाळपासून तीनदा पातळ शी झाली, कुठली गोळी देऊ?" असा फोन रोज येतो. आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोनवर गोळी सांगितली जात नाही. आखडूपणा वाटेल, म्हणून कारण लिहून ठेवलं आहे.

घरच्या डब्यातली जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून द्यायची, संध्याकाळपर्यंत वाट बघायची, मग दवाखान्यात यायचं. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. मेट्रोनिडॅझोल पोटात गेलं की जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असूनही तपासणीत बरेचदा सापडत नाही. लोपेरामाइडने शी थांबते, पण संसर्ग असेल तर घाण आतच राहते. कोली जातीच्या काही कुत्र्यांत तर त्याचा थेट मेंदूवर परिणाम होतो. उलटीची गोळी दिली तर आतड्यात काही अडकलेलं असलं तरी ते उशिरा लक्षात येतं. 'पोट दुखत असेल' म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर अजिबात नको. जठरात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोळी दिलीच असेल तर लपवू नका, स्ट्रिप घेऊन या. कोणी रागावत नाही (फार तर भुवई वर जाते).

येताना सुपारीएवढी ताजी शी आणा, चार तासांच्या आतली. मेडिकलमध्ये लघवीच्या तपासणीची डबी मिळते, ती चालते. टिश्यूत गुंडाळून आणू नका, कागद सगळी ओल शोषून घेतो. सूक्ष्मदर्शक इथेच आहे, तुम्ही बसल्या बसल्या निकाल कळतो. 'चाचण्या सांगून बिल वाढवतात' हेही आमच्या कानावर येतं. अंदाजाने दिलेला पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स त्याहून महाग पडतो, आणि जंत असतील तर ते जिथल्या तिथे राहतात.

उलटीचा व्हिडिओ काढा. उबळ येऊन, पोट आत-बाहेर होऊन पडली तर ती उलटी. खाल्ल्यावर नुसती मान खाली घालून न पचलेलं अन्न बाहेर आलं, तर दोष अन्ननलिकेत असू शकतो आणि उपचार निराळे. शीचंही तसंच. थोडी थोडी, वारंवार, शेंबडासारखी आणि कुंथून होत असेल तर बहुधा मोठं आतडं. एकदम भरपूर आणि पाण्यासारखी असेल तर लहान.

मोठं कुत्रं एक-दोनदा ओकलं, पण शेपूट हलवतंय, तर सहा-आठ तास खाणं बंद. पाणी दर अर्ध्या तासाने चार-पाच चमचे. मग दोन वाट्या मऊ भाताला एक वाटी उकडलेलं चिकन. कातडी, हाड, मीठ, फोडणी काही नको. शाकाहारी घरात सायीशिवायच्या दुधाचं पनीर. दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं, तीन दिवस. नेहमीचं खाणं नंतर तीन-चार दिवसांत हळूहळू सुरू करा. दूध-पोळी नको. चार महिन्यांखालच्या पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याची साखर उतरते.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबू नका. लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला रक्ताची, उग्र वासाची शी झाली तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची शक्यता धरावी. अशा वेळी गाडीतूनच फोन करा, आत आणू नका. बाहेर बसलेल्या इतर पिल्लांना लागण होते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमनचं पोट फुगलं आणि ओकायचा प्रयत्न करूनही काही पडत नसेल, तर हातात काही तासच असतात. डांबरासारखी काळी शी, पांढऱ्या हिरड्या, पाणीही न टिकणं, हेही त्यातच. रविवारच्या मटणानंतर पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरत असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते.

पावसाळ्यात सिंहगड, खडकवासल्याला नेलं असेल तर ते आवर्जून सांगा. दाणे खाऊन टाकलेली कणसं कुत्री गिळतात, ती आतड्यात अडकतात आणि एक्स-रेत नीट दिसत नाहीत. मे महिन्यात आंब्याच्या कोयींचं तेच.

मोठ्या कुत्र्याला जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो. वजनाचे पैसे आम्ही घेत नाही, कुत्र्याच्या नोंदींचं कार्ड मात्र आणा.