घोट्याच्या अस्थिबंधांची सोनोग्राफी (तरुण खेळाडूंमधील)

घोटा वारंवार मुरगळणाऱ्या तरुण खेळाडूच्या अस्थिबंधांची, म्हणजे लिगामेंटची, ध्वनिलहरींनी केलेली तपासणी. एक्स-रेत हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ असूनही पाय दगा देत राहतो, तेव्हा ही तपासणी करून घ्यावी.

गोव्यात फुटबॉल गावोगावी खेळला जातो. कापणीनंतरची भातशेते हीच अनेक मुलांची मैदाने. उंचसखल जमिनीवर उडी मारून उतरताना पाऊल आत वळते आणि बाहेरच्या घोट्यापुढचा एटीएफएल हा अस्थिबंध बहुधा सर्वांत आधी फाटतो. तेल चोळून, पट्टा बांधून मुलगा पुन्हा खेळू लागतो. पण अस्थिबंध सैल जुळला, तर दुखणे थांबले तरी घोटा डळमळीतच राहतो.

तपासणीत पाऊल किंचित खाली व आत वळवून प्रोब (यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग) बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून पुढे धरतात. निरोगी एटीएफएल सुमारे २ मिलिमीटर जाडीचा, ताणलेल्या चकचकीत पट्टीसारखा दिसतो. जुन्या दुखापतीत तो जाड, काळपट, नागमोडी होतो. कधी सापडतच नाही. मात्र प्रोब तिरका धरला तर धडधाकट अस्थिबंधही काळा दिसतो आणि नवखा तपासनीस त्याला फाटलेला ठरवतो.

या तपासणीचे खरे बळ हालचालीत आहे. टाच पुढे ओढली की दोन हाडांमधले अंतर किती वाढते, हे पडद्यावर तिथेच कळते. त्याची तुलना दुसऱ्या पायाशी करायलाच हवी. काही मुलांचे सांधे मुळातच लवचीक असतात. पाऊल घोट्यातून वर वळवल्यावर एटीएफएलच्या खालचा सीएफएल हा अस्थिबंध ताणला जाऊन आपल्यावरून जाणाऱ्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) उचलतो. फाटलेला असल्यास त्या उचलल्या जात नाहीत.

वाढत्या वयात अस्थिबंध तुटण्याऐवजी हाडाच्या टोकाचा कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, तुकडाच उखडू शकतो. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते. शिवाय किरणोत्सर्ग नसल्याने तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे अशा यंत्रांची नोंदणी सक्तीची आहे. यंत्र सहजासहजी मैदानावर नेता येत नाही, खेळाडूलाच केंद्रावर जावे लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘ताण देऊन, दोन्ही घोट्यांची’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

सांध्याच्या आतल्या कूर्चेची इजा पाहायला एमआरआयच लागतो. अस्थिबंध शाबूत असूनही काहींचा घोटा लटपटतो. तोल सांभाळणारी जाणीव क्षीण झाल्याने हे घडते, असे ब्रिटिश अस्थिशल्यविशारद फ्रीमन यांनी १९६५ मध्ये मांडले. एका पायावर उभे राहण्याचे व्यायाम आणि पोटरीच्या बाहेरील स्नायूंना बळकटी हा अस्थिबंध सैल असो वा शाबूत, दोन्ही प्रकारांतला पहिला उपचार. काही महिने नेटाने करूनही घोटा सावरला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.