थेंबभर गळती, बॉनेटभर वाफ

‘थेंब थेंबच तर गळतंय! रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतलं की झालं.’ गाडीचा रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी थंड करणारी जाळी, गळायला लागला की हा सल्ला कुणीतरी देतंच. मीही तो तीन आठवडे पाळला. मग एका दुपारी चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. गंमत म्हणजे त्याच सकाळी रेडिएटर काठोकाठ भरला होता. वाटेत गळून गळून पेलाभर गेलं असेल. जवळजवळ सगळं पाणी जागेवर असताना इंजिन उकळलं कसं?

पाणी गेलेलं दिसतं, दाब गेलेला दिसत नाही, ही यातली गोम.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं हे शाळेत शिकलेलं खरं, पण हवेचा नेहमीचा दाब असेल तेव्हाच. बुडबुडा फुगायचा तर वाफेला डोक्यावरचा दाब रेटावा लागतो. दाब वाढला की त्यासाठी जास्त तापमान लागतं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा बऱ्याचदा छापलेला असतो, तो या जादा दाबाचा. तेवढा दाब साठेपर्यंत आतली स्प्रिंग तोंड उघडू देत नाही. १ बार (साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढ्या) जादा दाबाखाली साधं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळतं, या दाबाखाली १३० च्या आसपास. माझ्या गाडीत रोजच्या तांब्यांनी कूलंट पातळ झालं होतं आणि गळतीने दाब पडला होता. दोन्हीकडून मार. तत्त्व कुकरचंच, पण कुकरला वाफ हवी असते आणि इंजिनाला ती नको असते.

का नको? सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, आसपासचा धातू कूलंटपेक्षा बराच जास्त तापलेला असतो. तिथे बारीक बुडबुडे उठतात, सुटतात आणि पुढच्या थंड प्रवाहात विरतात. हे चालतं, उलट फायद्याचंच आहे, कारण प्रत्येक बुडबुडा धातूची उष्णता ओढून नेतो. दाब पडला की मात्र बुडबुडे विरायच्या आत एकमेकांना चिकटतात आणि धातूवर वाफेचा पापुद्रा धरतो. खूप तापलेल्या तव्यावर शिंपडलेला थेंब चुर्र न होता नुसता नाचत फिरतो ना, तो असल्याच पापुद्र्यावर तरंगत असतो. वाफेतून उष्णता फार हळू जाते. मग भोवती लिटरभर कूलंट असूनही तेवढी जागा कोरडी पडल्यासारखी तापते, हेड वाकतं, त्याच्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) जातं.

गळतीची दुसरी करामत इंजिन थंड होताना. तापून फुगलेलं कूलंट झाकणातून शेजारच्या बाटलीत जातं. थंड झाल्यावर आत पोकळी होते, झाकणातली छोटी उलटी झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढलं जातं. पण कुठे भोक असेल तर तिथून हवा शिरणं सोपं. बाटलीतली पातळी जशीच्या तशी आणि रेडिएटरचा माथा रिकामा! नुसती बाटली पाहून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

थोडं गणित, नको असेल तर ओलांडून पुढे जा. ११५ अंशांचं १ लिटर पाणी दाबाखाली आहे आणि कुणी झाकण उघडलं. पाण्याला क्षणात १०० अंशांवर यावं लागतं. त्या १५ अंशांची उष्णता म्हणजे सुमारे ६३ किलोज्यूल. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला २.२६ किलोज्यूल लागतात, म्हणजे २८ ग्रॅमची वाफ झाली. किरकोळ वाटतं, पण ती वाफ ४७ लिटर जागा मागते आणि उरलेलं उकळतं पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते.

म्हणून शोधाशोध इंजिन थंड झाल्यावरच. झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा आणि झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरायचा, त्यापुढे नाही. पंपाचा काटा उतरायला लागला की टॉर्च घेऊन बघायचं. माझ्याकडे प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दुमडून जोडलेली असते, तिथे हिरवट-पांढरी खपली धरली होती. पंप मारला तसा खपलीखालून एक थेंब फुगला, थांबला आणि ओघळला.

होजची (रबरी नळीची) क्लिप सैल असती तर स्क्रूड्रायव्हरवर भागलं असतं. टाकीच्या चिरेला इपॉक्सी लावून फार दिवस निघत नाहीत, कारण प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. ‘ओता आणि विसरा’ छाप पावडरींचं म्हणाल, तर त्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या जुन्या तोडग्याची नातवंडं. बलकातलं प्रथिन उष्णतेने गोठतं, भोक बुजतं, इथवर खरं. पण भोक कोणतं आणि रेडिएटरची नळी कोणती, हे प्रथिनाला कळत नाही.

शेवटी रेडिएटर बदलला. थंड इंजिनात कूलंट भरून, झाकण उघडंच ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू केलं. बराच वेळ काही नाही. मग थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला असावा, वरचा होज एकदम गरम लागला, तोंडातून दोन-चार मोठे बुडबुडे आले आणि पातळी चार बोटं खाली गेली. तेवढं कूलंट भरलं आणि झाकण लावलं, तेही नवंच.