गीझर चालू, खिडकी बंद

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की नाशकात बाथरूमच्या छोट्या खिडक्या बंद होतात. आमच्या सिडकोतल्या घरी आईनं तर खिडकीत जुनी गोधडीच कोंबली होती. एका सकाळी धाकटी बहीण अंघोळ करून बाहेर आली आणि उंबऱ्यातच मटकन बसली. डोकं ठणकत होतं, पायांत जीव नव्हता. पित्त झालं असेल म्हणून आम्ही तिला लिंबूपाणी दिलं. आत गॅस गीझर वीस मिनिटं जळत होता, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर शेगडीच्या एका बर्नरच्या पाच-सहा पट गॅस खातो. त्याला मिनिटाला साधारण २०० लिटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच हजार लिटर. ती सगळी संपायच्या कितीतरी आधी ऑक्सिजन कमी पडू लागतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरून बसतो. सिलिंडर गळला तर कळतं, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. काय होतंय हे उमगेपर्यंत कडी काढायचं बळही उरत नाही.

साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर दीड तासाच्या आत. म्हणून माणूस शुद्धीत असला तरी त्याला मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करावा. लिंबूपाणी देत बसू नये.

आमचा गीझर आता मागच्या गॅलरीत आहे, फक्त पाण्याचा पाइप आत येतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मगच दार लावावं.

ती खिडकी घरमालकाच्या मर्जीची नाही. बांधकामाचा नकाशा मंजूर करताना महापालिका ती मागते. भोगवटा दाखला मिळाला की मात्र तिच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही, आणि मला हीच गोष्ट खटकते. डेंग्यूच्या अळ्या शोधायला महापालिकेची माणसं घरात येतात, टाकीत टॉर्च मारतात. त्यांनीच दिवाळीनंतर एक फेरी मारावी. गीझर कुठे बसवलाय, खिडकी उघडी आहे का, ज्योत निळी आहे की पिवळी (म्हणजे गॅस अर्धवट जळतोय), एवढं पाहायला एका घरात दोन मिनिटं पुरतात.