कॉन्की आणि डेस्कटॉपवरील प्रणाली-निरीक्षण

कॉन्की हा लिनक्स आणि बीएसडी कुळातल्या प्रणालींवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. प्रोसेसर किती गुंतला आहे, मेमरीत किती जागा उरली आहे, नेटवर्कवरून किती माहिती येते-जाते, तापमान कुठवर चढले आहे, हे सगळे आकडे तो थेट वॉलपेपरवर लिहितो आणि दर एक-दोन सेकंदांनी ताजे करतो. त्यासाठी वेगळी खिडकी उघडावी लागत नाही. काम करता करता कोपऱ्याकडे नजर गेली की यंत्राची हालहवाल कळते. संगणकाच्या संसाधनांवर असे लक्ष ठेवण्याला प्रणाली-निरीक्षण म्हणतात. ते करणारे प्रोग्रॅम सर्वच प्रणालींवर आहेत. तरी हा विषय समजून घ्यायला कॉन्कीइतके चांगले साधन नाही, कारण त्याचा प्रत्येक आकडा कोणत्या फाइलमधून आला हे कोणालाही उघडून पाहता येते. आकडा दिसणे सोपे असते. तो कशाचा आणि कसा काढलेला आहे हे ठाऊक नसेल, तर मात्र तो हमखास चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो.

पूर्वपीठिका. युनिक्सवर चालू कामांची यादी सतत ताजी करून दाखवणारा ‘टॉप’ हा प्रोग्रॅम विल्यम लेफेव्ह्र यांनी १९८४ मध्ये लिहिला. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालतो आणि ती पूर्ण व्यापतो. युनिक्सवर खिडक्या आणि चित्रे दाखवणारी एक्स विंडो प्रणाली आल्यावर ‘एक्सलोड’सारखे इवलेसे आलेख पडद्याच्या कडेला बसू लागले. पुढे जीक्रेलएममध्ये प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क यांचे आलेख एकाखाली एक रचलेल्या उभ्या पट्टीत आले. विंडोजवरचा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर यांनी लिहिला आणि १९९६ च्या एनटी ४.० आवृत्तीपासून तो प्रणालीबरोबर मिळू लागला. कॉन्कीचे मूळ हान्नु सारानसारी आणि लाउरी हाक्कारायनेन यांच्या ‘टॉर्स्मो’ या प्रोग्रॅममध्ये आहे. त्याचे काम थंडावल्यावर २००५ मध्ये ब्रेंडन मॅथ्यूज यांनी त्याच्याच कोडवरून कॉन्की सुरू केला. क्रंचबँग या हलक्याफुलक्या लिनक्स वितरणात तो आधीपासून बसवलेला असे. तिथे आकड्यांखाली कीबोर्डच्या शॉर्टकटची यादीही दिसायची. नवख्या माणसाला तिचा आकड्यांपेक्षा जास्त उपयोग होत असे.

आकडे कोठून येतात. कॉन्की स्वतः काहीही मोजत नाही. मोजमाप कर्नल, म्हणजे यंत्राचे सगळे भाग चालवणारा प्रणालीचा गाभा, करतो आणि ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरमधून ते वाचायला देतो. या फोल्डरमधल्या फाइली डिस्कवर कुठेही साठवलेल्या नसतात. कोणी वाचायला गेले की कर्नल त्या क्षणी मजकूर तयार करून हाती ठेवतो. चालू कामे फाइलींच्या रूपात दाखवण्याची ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये मांडली. लिनक्सने तिचा विस्तार करून मेमरी, डिस्क, नेटवर्क अशी बहुतेक सगळी माहिती त्याच दारातून खुली केली. ‘मेमइन्फो’ फाइलमध्ये मेमरीचा हिशेब असतो, ‘लोडएव्हीजी’मध्ये कामाचा भार आणि ‘स्टॅट’मध्ये प्रोसेसरच्या वेळेची वाटणी. साधा मजकूर असल्याने टर्मिनलमध्ये ‘कॅट’ आज्ञा देऊन कोणीही तो वाचू शकतो, आणि कॉन्कीचा आकडा खरा आहे का हे ताडूनही पाहू शकतो.

प्रोसेसरची टक्केवारी. ‘स्टॅट’ फाइलच्या पहिल्या ओळीत आकड्यांची एक रांग असते. वापरकर्त्याच्या कामात गेलेला वेळ, कमी प्राधान्याच्या कामात गेलेला वेळ, कर्नलच्या स्वतःच्या कामात गेलेला वेळ, रिकामा वेळ, डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ असा तिचा क्रम आहे. हे सगळे आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनच्या बेरजा असतात आणि सामान्यतः सेकंदाच्या शंभराव्या भागात, म्हणजे ‘टिक’मध्ये, मोजलेले असतात. त्यांत ‘आत्ताची’ टक्केवारी कुठेच नसते. विजेच्या मीटरवर महिन्याचा वापर लिहिलेला नसतो, मागचे वाचन आताच्या वाचनातून वजा करून तो काढावा लागतो. इथेही तेच करावे लागते.

चार कोअरचा प्रोसेसर आणि दोन सेकंदांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने धरू. चार कोअर, प्रत्येकी दोन सेकंद, दर सेकंदाला १०० टिक, म्हणजे एकूण ८०० टिक वाटणीला आले. त्यांपैकी रिकाम्या वेळाच्या रकान्यात ६०० ची भर पडली असेल, तर २०० टिक कामात गेले. वापर २५ टक्के झाला. आता हेच २५ टक्के दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत दिसू शकतात. चारही कोअर निवांतपणे थोडे थोडे काम करत असतील, किंवा एखादा प्रोग्रॅम अडकून एका कोअरवर जिवाच्या आकांताने गरगरत असेल आणि बाकीचे तीन मोकळे असतील. दुसऱ्या प्रकारात लॅपटॉप तापतो, पंखा आवाज करू लागतो, आणि पडद्यावर मात्र ‘२५ टक्के’ हा सोज्वळ आकडा झळकत राहतो. म्हणून कॉन्कीत एकूण आकड्याच्या जोडीला प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा मांडावा. ‘सीपीयू शून्य’ म्हणजे एकूण, ‘सीपीयू एक’पासून पुढे एकेक कोअर, अशी त्याची पद्धत आहे. टॉपमध्ये एकाच कामापुढे २०० किंवा ३०० टक्के दिसले की पुष्कळांना तो बिघाड वाटतो. तिथे १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर असतो आणि अनेक कोअर वापरणारे काम शंभराच्या पुढे जाणे अगदी स्वाभाविक आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर मात्र प्रत्येक कामाचा वाटा सर्व कोअर मिळून १०० धरून दाखवतो. दोन प्रणालींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा.

कामाचा भार. ‘लोड’ या नावाने तीन आकडे दिसतात, शेवटच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या टेनेक्स प्रणालीतही अशी सरासरी होती. युनिक्समध्ये ती चालू असलेल्या आणि प्रोसेसर मिळण्यासाठी तिष्ठणाऱ्या कामांची संख्या दाखवते. ही साधी सरासरी नव्हे. कर्नल सुमारे दर पाच सेकंदांनी संख्या पाहतो आणि जुन्या संख्येचे वजन हळूहळू घटवत नेतो. त्यामुळे पूर्ण मोकळ्या यंत्रावर एकच अखंड काम सुरू केले, तर मिनिटभराने १ मिनिटाचा आकडा १ वर पोहोचलेला नसतो, ०.६३ च्या आसपास असतो. काम संपल्यावरही आकडा बराच वेळ रेंगाळतो.

लिनक्समध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि तिने अनुभवी माणसांनाही चकवले आहे. १९९३ मध्ये झालेल्या बदलापासून लिनक्सचा लोड डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली, मध्येच उठवता न येणारी कामेही मोजतो. नेटवर्कवरचा सामायिक साठा तुटला आणि त्याच्याकडे गेलेली आठ कामे तिथेच लटकली, तर लोड ८ दाखवला जातो आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. अशा वेळी जास्त ताकदीचा प्रोसेसर घेऊन काहीही साधत नाही. लोड आणि प्रोसेसरची टक्केवारी एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी डिस्क आणि नेटवर्ककडे पाहावे.

मेमरी. सर्वाधिक गैरसमज मेमरीबाबत आहेत. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हमधून मोठा व्हिडिओ उतरवून घेतला की ‘मोकळी मेमरी’ काही शे एमबीवर घसरते आणि व्हिडिओ संपल्यावरही वर येत नाही. प्रोग्रॅम मेमरी खातो आहे अशी समजूत होते, आणि मग मेमरी ‘साफ’ करणाऱ्या साधनांचा शोध सुरू होतो. प्रत्यक्षात कर्नलने नुकत्याच वाचलेल्या फाइलींच्या प्रती रिकाम्या रॅममध्ये ठेवलेल्या असतात. तीच फाइल पुन्हा लागली तर डिस्ककडे जावे लागू नये, एवढाच हेतू असतो. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की या प्रती तत्काळ सोडल्या जातात. रॅम रिकामी ठेवून कोणाचाही फायदा नाही, आणि त्या प्रती जबरदस्तीने पुसून टाकल्या तर यंत्र उलट मंदावते.

खरा प्रश्न असतो तो नवीन कामासाठी किती मेमरी मिळू शकेल हा. त्याचा कर्नलने स्वतः बांधलेला अंदाज २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून ‘मेमइन्फो’मध्ये ‘मेमअव्हेलेबल’ या नावाने वेगळ्या ओळीत मिळतो. कॉन्कीची मांडणी करताना याच प्रकारचा आकडा घ्यावा. नुसत्या ‘मोकळ्या’ मेमरीचा आकडा पडद्यावर ठेवणे म्हणजे रोज विनाकारण घाबरण्याची सोय करून ठेवणे होय. स्वॅपबाबतही, म्हणजे रॅममधली न लागणारी माहिती हलवून ठेवायच्या डिस्कवरच्या जागेबाबतही, असेच आहे. स्वॅपमध्ये ५०० एमबी पडून आहेत यात विशेष काही नाही. सकाळी उघडलेला आणि दिवसभर न वापरलेला प्रोग्रॅम तिकडे गेला असेल. स्वॅपमधून मेमरीत आणि मेमरीतून स्वॅपमध्ये माहितीची ये-जा सतत चालू राहिली, तरच ती धोक्याची खूण समजावी. तेव्हा डिस्कचा दिवा विझत नाही आणि माउसचा बाणसुद्धा अडखळतो.

किती वापरले यापेक्षा टंचाईमुळे कामे किती खोळंबली हे महत्त्वाचे, ही जाणीव अलीकडे पक्की होत गेली आहे. अॅपलने आपल्या मॅक प्रणालीच्या २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीत अॅक्टिव्हिटी मॉनिटर या निरीक्षण-प्रोग्रॅममध्ये ‘मेमरी प्रेशर’चा आलेख आणला. लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये, ‘प्रॉक’खाली ‘प्रेशर’ हे नवे फोल्डर आले. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यापायी कामे किती टक्के वेळ अडून राहिली, हे त्यात शेवटच्या १०, ६० आणि ३०० सेकंदांसाठी दिलेले असते. जुन्या सवयीमुळे या आकड्यांना फार थोड्या डेस्कटॉपवर जागा मिळाली आहे. त्यांची योग्यता लोडपेक्षा मोठी आहे.

मांडणी. कॉन्कीत काय दिसावे हे एका मजकूर-फाइलमध्ये लिहावे लागते. २०१५ च्या १.१० आवृत्तीपासून ही फाइल लुआ भाषेच्या धाटणीने लिहितात. तिचे दोन भाग असतात. पहिल्यात खिडकीची जागा, अक्षरे, रंग, ताजे करण्याचे अंतर, आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष मजकूर. जुन्या पद्धतीच्या फाइलींची धाटणी वेगळी आहे. त्या बदलण्यासाठी प्रकल्पाने छोटी स्क्रिप्ट दिलेली आहे. अक्षरे लुकलुकत असतील तर ‘डबल बफर’ हा पर्याय चालू करावा.

तापमानाच्या ओळीने बहुतेकांना एकदा तरी छळलेले असते. कर्नल ते अंशाच्या हजाराव्या भागात देतो, म्हणजे ५२००० हा आकडा ५२ अंश सेल्सिअसचा. संवेदकांना ‘एचडब्ल्यूमॉन शून्य’, ‘एक’, ‘दोन’ असे क्रमांक असतात आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ते बदलू शकतात. काल प्रोसेसरचे तापमान दाखवणारी ओळ आज एसएसडीचे दाखवू लागते. आकडा शहाण्यासारखा दिसतो, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. ओळ लिहिताना क्रमांकावर विसंबण्याऐवजी संवेदकाच्या नावावरून तो शोधणे अधिक भरवशाचे.

निरीक्षकाचा स्वतःचाही भार असतो. दर सेकंदाच्या दहाव्या भागाला ताजा होणारा कॉन्की प्रोसेसरला गाढ विश्रांतीत जाऊ देत नाही आणि लॅपटॉपची बॅटरी खातो. डेस्कटॉपला दोन सेकंदांचे अंतर पुरते. बॅटरीवर असताना वेगळे, मोठे अंतर ठरवण्याची सोय कॉन्कीत आहे. बाहेरची आज्ञा चालवणाऱ्या ‘एक्झेक’ ओळीमुळे प्रत्येक फेरीत नवे काम जन्माला येते. तिच्याऐवजी ‘एक्झेकआय’ वापरून हवामानासारखी माहिती अर्ध्या तासाने एकदा आणणे रास्त. याच ओळींमुळे दुसऱ्याने सजवलेली सुंदर मांडणी जशीच्या तशी उचलताना सावध राहावे लागते. ती फाइल वापरणाऱ्याच्या अधिकारात कोणतीही आज्ञा चालवू शकते, तेव्हा आधी ती पूर्ण वाचावी. विंडोज व्हिस्टा आणि ७ मधल्या गॅजेटांमध्ये, म्हणजे डेस्कटॉपवर बसणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, प्रोसेसर-मेमरीचे लोकप्रिय मीटर होते. सुरक्षेतल्या त्रुटींमुळे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच गॅजेटे बंद करण्याचा सल्ला दिला आणि पुढच्या आवृत्तीतून ती काढून टाकली.

मर्यादा. कॉन्की सर्वांत जास्त प्रोसेसर किंवा मेमरी वापरणाऱ्या कामांची नावे दाखवू शकतो, आणि ती दोन-चार ओळींत ठेवणे फायद्याचे असते. अडकलेले काम थांबवण्यासाठी मात्र टॉप किंवा त्याच्यासारख्याच एचटॉप या प्रोग्रॅमकडे जावे लागते. कॉन्की काही नोंदवूनही ठेवत नाही. त्याचे आलेख काही मिनिटांपुरते असतात आणि प्रोग्रॅम बंद झाला की पुसले जातात. रात्री दोन वाजता यंत्र का रखडले होते हे सकाळी पाहायचे असेल, तर ‘सिसस्टॅट’ संचातला ‘सार’ किंवा ‘एटॉप’ लागतो. सिसस्टॅटची नोंदणी चालू केली की तो सामान्यतः दर दहा मिनिटांनी आकडे फाइलमध्ये टिपून ठेवतो, आणि हव्या त्या दिवसाची हवी ती वेळ नंतर वाचता येते.