पार्श्वभूमी : ऑनलाइन लैंगिक गुन्हेगार नेमके असतात कोण?

मुलांचं लैंगिक शोषण करणारा माणूस त्या टोकाला कसा पोहोचतो, हा प्रश्न इंटरनेटच्या आधीचा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये चार पायऱ्या मांडल्या : मनात प्रेरणा हवी, स्वतःच्या मनाचा अटकाव सुटावा लागतो, भोवतालचा पहारा चुकवावा लागतो आणि शेवटी मुलाचा विरोध मोडावा लागतो. इंटरनेट घरोघरी पोहोचलं आणि तिसरी पायरी फारच सोपी झाली.

आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठात १९९७ साली ‘कोपाइन’ प्रकल्प सुरू झाला. शोषणाची छायाचित्रं जमवणाऱ्यांचा अभ्यास तिथे झाला.

पण चित्र खरं पालटलं ते न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या पाहणीने. तिथल्या संशोधकांनी २०००च्या सुमाराची अटकेची प्रकरणं तपासली. खोटं वय सांगून लहानग्यांना फसवणारा अनोळखी, ही सर्वांच्या डोक्यातली प्रतिमा. प्रत्यक्षात किशोरवयीन असल्याचं सोंग घेणारे जेमतेम ५ टक्के निघाले. पीडित मुलं बहुतांशी १३ ते १७ वयाची होती, आणि समोरचा प्रौढ आहे हे बहुतेकांना ठाऊक होतं. प्रेमाच्या, आपलेपणाच्या गप्पांतून विश्वास कमावला जात होता. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढंच मुलाला शिकवून काय उपयोग? तो माणूस त्याला अनोळखी वाटतच नाही.

पुढचा वाद अजून धगधगता आहे : नुसती शोषणाची छायाचित्रं पाहणारा प्रत्यक्ष अत्याचारही करतो का? अमेरिकेतल्या बटनर तुरुंगात छायाचित्रांच्या गुन्ह्यासाठी असलेल्या १५५ कैद्यांपैकी २६ टक्क्यांवर शिक्षेच्या वेळी प्रत्यक्ष अत्याचाराची नोंद होती. उपचारांदरम्यान ८५ टक्क्यांनी कबुली दिली. २००९ मधल्या या निष्कर्षावर टीका झाली, कारण उपचारात टिकण्यासाठी कबुली देण्याचा दबाव होता, असा आक्षेप होता. कॅनडाचे मायकेल सेटो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. अधिकृत नोंदींत पूर्वीचा प्रत्यक्ष गुन्हा सुमारे १२ टक्क्यांकडे सापडला, तर स्वतःच्या सांगण्यात सुमारे ५५ टक्क्यांकडे. केवळ नोंदींवर विसंबणं किती धोक्याचं, हे या तफावतीतच दिसतं.

प्रेरणाही एकसारख्या नाहीत. युरोपातल्या एका अभ्यासात ग्रूमिंग, म्हणजे शोषणासाठी मुलाचा विश्वास कमावून त्याला जाळ्यात ओढणं, करणाऱ्यांचे तीन प्रकार पुढे आले : जवळीक शोधणारे, समोरच्यानुसार रंग बदलणारे आणि अतिलैंगिक. पहिल्या प्रकारातला माणूस आपण ‘नात्यात’ आहोत असंच मानतो, आणि मला तोच सर्वांत भयावह वाटतो.

यातली बहुतेक माहिती पकडल्या गेलेल्यांकडूनच आलेली आहे. न पकडलेल्यांपर्यंत पोहोचण्याचा मोठा प्रयत्न बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने २००५ मध्ये सुरू केला : मुलांबद्दल आकर्षण वाटतं, पण गुन्हा करायचा नाही, अशांसाठी गोपनीय उपचार.