भेसळीतून सापडलेला मध्यस्थ: जी-प्रथिनांची पूर्वपीठिका

पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर, म्हणजे बाहेरून आलेला निरोप टिपणारे रेणू असतात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्येच ती मांडली होती. १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिनच्या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार सुचवले. तरीही कित्येक वर्षं पुष्कळ शास्त्रज्ञांच्या लेखी रिसेप्टर ही कागदावरची सोय होती. दुसऱ्या टोकाचं चित्र मात्र १९५०च्या दशकातच स्पष्ट होऊ लागलं. अर्ल सदरलँड यांनी दाखवलं की संप्रेरक बाहेरच थांबतं आणि पेशीच्या आत निरोप पोचवतो तो सायक्लिक एएमपी नावाचा रेणू. मग मधे काय घडतं? रिसेप्टर आणि सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ही एकच वस्तू की दोन?

अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत मार्टिन रॉडबेल उंदराच्या यकृतातल्या पेशीपटलांवर किरणोत्सारी खूण केलेलं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक चिकटवून पाहत होते. पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू टाकला की ते सुटून यायचं, पण त्यासाठी एटीपी भरपूर लागायचं. तिथेच त्यांना शंका आली. बाजारातून आणलेल्या त्या एटीपीत त्याच्यासारखंच दुसरं एक संयुग, जीटीपी, थोडं मिसळलेलं होतं, आणि खरी करामत त्याचीच होती. निव्वळ जीटीपी वापरल्यावर अगदी नखभर पुरलं. शिवाय ग्लुकॅगॉनला एन्झाइम जागं करायलाही जीटीपी लागतंच, हे त्यांच्या गटाने १९७१ मध्ये मांडलं. म्हणजे मधे तिसरं कुणीतरी होतं.

ते तिसरं कुणीतरी हाती लागलं व्हर्जिनिया विद्यापीठात. आल्फ्रेड गिलमन आणि इलियट रॉस यांच्याकडे अशा कर्कपेशी होत्या, ज्यांत ते एन्झाइमच नाही असा समज होता. एन्झाइम असलेल्या पेशींचा अर्क मिसळला की निरोप पुन्हा पोचू लागे, यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं: अर्क तापवून त्यातलं एन्झाइम निकामी केलं, तरी काम होतच राहिलं. याचा अर्थ त्या पेशींत एन्झाइम होतं, उणीव होती ती जोडणाऱ्या प्रथिनाची. हेच जी-प्रथिन; १९८० मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळालं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

या प्रथिनाच्या अल्फा नावाच्या भागाला (रिसेप्टरच्या अल्फा प्रकाराशी याचा संबंध नाही) एरवी जीडीपी, म्हणजे एक फॉस्फेट कमी असलेलं जीटीपी, चिकटलेलं असतं. रिसेप्टर त्याला ते सोडायला लावतो, रिकाम्या जागी जीटीपी बसतं आणि अल्फा सुटा होऊन एन्झाइमला चालना देतो. मग तोच जीटीपीचे तुकडे करून स्वतःला बंद करतो.

हे बंद होणं किती महत्त्वाचं, ते कॉलऱ्याने दाखवून दिलं. कॉलऱ्याच्या जंतूंचं विष आतड्यात पाणी ओढून आणतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर सिद्ध केलं होतं. पुढे १९७७ मध्ये जेरुसलेमच्या कॅसल आणि सेलिंगर यांनी दाखवलं की ते विष जीटीपी तोडण्याची क्रियाच रोखतं. म्हणजे अल्फा बंदच होत नाही; सायक्लिक एएमपी साचत जातं आणि क्षार-पाणी वाहून जातं. डे यांना नोबेल मिळालं नाही, हे इथे नोंदवायलाच हवं. रॉडबेल आणि गिलमन यांना ते १९९४ मध्ये मिळालं.

रिसेप्टरची बाजू ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी लावून धरली. १९८६ मध्ये त्यांच्या गटाने बीटा रिसेप्टरचा जनुक वाचला, तर तो डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाचा भाऊबंद निघाला. दोघंही पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारे. त्या गटातलेच ब्रायन कोबिल्का यांनी पुढे स्टॅनफर्डमध्ये २०११ साली रिसेप्टर आणि जी-प्रथिन एकमेकांना भिडलेल्या स्थितीत स्फटिकात पकडले. लामा प्राण्यापासून मिळवलेल्या प्रतिपिंडाच्या तुकड्याने ती जोडी स्थिर केली होती. त्यात अल्फाचा एक भाग तब्बल १२७ अंशांनी फिरून बाजूला सरकलेला दिसला, आणि जीडीपीची जागा रिकामी होती.